कुंकवाबरोबर आयुष्यही पुसावे काय?

म्हातारी गेली आणि म्हाताऱ्याने पुढे वर्षही काढले नाही. नवरा गेला आणि चांगली धडधाकट बाई दोन वर्षांत अंथरुणाला खिळली. अशा गोष्टी पुलगावच्या हरएक आळीत आणि देवळी तालुक्याच्या हरएक खेड्यात ऐकावयास मिळतात. तेरवीच्या पंगतीत बसलेली मंडळी त्यावर 'जोडी वर गाठली' किंवा 'तिचे दैवच तेवढे' असे म्हणून हात धुऊन उठतात. दैवाच्या खात्यावर खर्ची घातले की हिशेब मिटतो, कारण दैवाला कोणी जाब विचारू शकत नाही. आमचे म्हणणे असे आहे की, या दुखण्यांतला आणि मरणांतला पुष्कळसा भाग दैवाच्या खात्यावरचा नसून रूढीच्या आणि आपल्या घरच्या वागणुकीच्या खात्यावरचा आहे. त्या खात्याचा हिशेब मागता येतो, आणि तो आज आम्ही मागणार आहोत.

जोडीदार गेल्याने माणसाची प्रकृती ढासळते, ही नुसती म्हाताऱ्या माणसांची समजूत नव्हे. विल्यम फार नावाच्या इंग्रज विद्वानाने फ्रान्स देशातील जन्ममृत्यूचे आकडे तपासून १८५८ सालीच दाखवून दिले होते की, एकाच वयाची माणसे घेतली तर जोडीने नांदणाऱ्यांपेक्षा जोडीदार गमावलेली माणसे लवकर मरतात. पुढे १९६९ साली इंग्लंडातील डॉक्टरांनी ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ४,४८६ विधुर पुरुषांचा नऊ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच त्यांतील २१३ पुरुष वारले. त्याच वयाच्या, बायको हयात असलेल्या पुरुषांत जितके मृत्यू व्हावयाचे, त्यापेक्षा हे प्रमाण शेकडा ४० ने अधिक होते. वाढलेल्या मृत्यूंत हृदयाच्या विकाराचे मृत्यू पुष्कळ होते. पण याच हिशेबात दुसरीही एक गोष्ट निघाली, ती आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. सहा महिने उलटल्यावर हे जादा मरण हळूहळू ओसरत गेले. म्हणजे धोक्याचा काळ ठरावीक आहे, आणि ज्याचा काळ ठरावीक असतो त्याची राखण करता येते. बाळंतिणीला आपण सव्वा महिना जपतो, तसे या माणसाला सहा महिने कोणी जपले आहे काय?

दुःखाने काळीज फुटते असे आपल्या बाया म्हणतात, त्यालाही वैद्यकाचा आधार आहे. जपानातील डॉक्टरांनी १९९० साली हृदयाचा एक विकार वर्णन केला. मोठा धक्का बसला असता हृदयाचा खालचा भाग एकाएकी फुगतो, त्याचे आकुंचन मंदावते आणि छातीत कळा येतात. त्या देशातील कोळी समुद्रातला आठ पायांचा प्राणी पकडण्यासाठी अरुंद गळ्याचे आणि फुगीर पोटाचे मडके वापरतात. फुगलेल्या हृदयाचा आकार तसाच दिसला म्हणून त्या मडक्याचेच 'ताकोत्सुबो' हे नाव विकाराला पडले. हा विकार बहुतेक करून पाळी गेलेल्या, वयस्क स्त्रियांना होतो. तेव्हा मयताच्या घरी एखादी म्हातारी छाती धरून खाली बसली तर 'रडून रडून थकली आहे, पडू द्या' असे म्हणू नये. तिला तडक दवाखान्यात न्यावे.

काळजाचा हा धक्का क्वचित कोणाला बसतो. मनाचे आणि पोटाचे दुखणे मात्र घरोघर आहे. मुंबईच्या लोकसंख्या संशोधन संस्थेने २०१७-१८ साली देशभरातील ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार माणसांची पाहणी केली. तिच्या आकड्यांवरून निघालेल्या अभ्यासांत आढळले की, वैधव्य आलेल्या वृद्धांत खिन्नतेचा आजार जोडीने राहणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, आणि एकटे राहावे लागले तर तो आणखी वाढतो. झोप उडते, भूक मरते, रक्तदाब चढतो, साखरेच्या गोळ्या घ्यावयाच्या राहून जातात. आपल्या लोकांना हा आजार ओळखू येत नाही, कारण म्हातारी 'मला उदास वाटते' असे सांगत नाही. ती अंग दुखते म्हणते, डोके धरले म्हणते, घास उतरत नाही म्हणते.

यावर कोणी म्हणेल, तर मग लग्न हेच औषध झाले. बाईने कसाही नवरा असला तरी धरून राहावे. असा अर्थ कोणी काढील तर तो आम्हांस साफ नामंजूर आहे. लग्नाची गाठ म्हणजे काही ताईत नव्हे. जी बाई चाळीस वर्षे दारुड्याचा मार खात आली, तिच्या देहाला त्या गाठीने कोणता लाभ झाला? नित्याच्या भांडणाने आणि धाकाने रक्तदाब वाढतो, जखमा भरावयास वेळ लागतो, हेही डॉक्टरांनी तपासून पाहिले आहे. अशा घरातून सुटलेली बाई पुष्कळदा पहिल्यांदाच पोटभर झोपते. लग्नाने प्रकृतीला लाभ होतो तो त्या गाठीबरोबर मिळणाऱ्या गोष्टींमुळे होतो. वेळेवर घास मिळतो, हातात दोन पैसे राहतात, बोलावयास माणूस असते, गोळीची आठवण करून देणारे कोणी असते आणि चारचौघांत मान असतो. जोडीदार गेल्यावर माणूस एकच जातो. बाकीच्या या पाच गोष्टी मागे राहिलेल्याकडून काढून कोण घेते? दैव घेत नाही. आपण घेतो.

प्रथम बाईचे पाहू. नवऱ्याचे प्रेत उचलायच्या आधी तिच्या बांगड्या फोडतात, कपाळ पुसतात, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेतात. जिच्यावर आधीच डोंगर कोसळला आहे, तिलाच चारचौघींच्या देखत अशुभ ठरवतात. पुढे हळदीकुंकवाला बोलावणे बंद होते, लग्नाच्या मांडवात पोटच्या लेकराला हळद लावण्याची चोरी होते. जिला सणावारी कोणी बोलावीत नाही, ती घराबाहेर पडत नाही. जी बाहेर पडत नाही, तिचे हातपाय आखडतात आणि मन कोंडते. ताटाचीही तीच गत. नवरा होता तोवर त्याच्यासाठी म्हणून वरण शिजे, दूध आणले जाई आणि त्यातले चार घोट तिच्याही वाट्याला येत. आता 'मला एकटीला काय लागते' असे ती म्हणते, सून 'बरे' म्हणते, आणि म्हातारी जवारीच्या भाकरीवर मिरचीची चटणी घेऊन दिवस काढते. डाळ नाही, भाजी नाही, दूध नाही. मग हाडे ठिसूळ होतात, अंगात रक्त राहत नाही, आणि एके दिवशी न्हाणीत पाय घसरून खुबा मोडतो. गाव म्हणते, तिचे भोग!

या रूढी आपल्या बापजाद्यांच्या आहेत काय? मुळीच नाहीत. कुणबी, माळी, तेली, कुंभार, लोहार अशा कष्टकरी जातींत विधवेचा पाट लावण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. बाई वावरात निंदण करीत होती, बाजारात माल विकीत होती. तिला कोपऱ्यात बसवणे कष्टकऱ्याला परवडणारेच नव्हते. पुढे चार पैसे हाती आले, तशी वरच्या म्हणवणाऱ्यांची नक्कल सुरू झाली. पाटाची चाल हलकी ठरली, आणि विधवेला कोंडणे हे कुलीनतेचे लक्षण झाले. पोथीवाल्यांनी हे खूळ काढले हे खरे. परंतु आज बांगडी फोडण्यासाठी दगड कोण हाती घेतो? आपल्याच घरच्या बाया घेतात आणि आपलेच पुरुष बाजूला उभे राहून पाहतात. दुसऱ्याच्या नावाने बोटे मोडून आपले हात स्वच्छ होत नाहीत.

हा प्रश्न थोड्या घरांचा आहे असेही कोणी समजू नये. आपल्याकडे नवरा वयाने मोठा असतो आणि बाईचे आयुष्य पुरुषापेक्षा सरासरीने अधिक असते. त्यामुळे या देशातील साठीपुढच्या स्त्रियांत जवळजवळ निम्म्या विधवा आहेत. त्याच वयाच्या पुरुषांत विधुर पाचांत एकही निघत नाही. आपल्या वर्धा जिल्ह्याची गोष्ट तर याहून कठीण. कास्तकारांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्या काळात ज्या बाया पस्तीस-चाळीस वर्षांच्या असताना विधवा झाल्या, त्या आता साठीच्या उंबरठ्यावर आल्या आहेत. पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीने अनेक घरांचा कर्ता पुरुष एका रात्रीत नेला. ज्यांनी वीस-वीस वर्षे एकटीने पऱ्हाटी वेचली, सावकाराचे तोंड पाहिले, मुलींची लग्ने केली, त्यांचे गुडघे आणि कंबर साठीतच ऐंशीच्या झाल्या आहेत. लवकर आलेल्या वैधव्याची किंमत म्हातारपणी व्याजासह वसूल होते, आणि ते व्याज त्यांच्या देहातून जात आहे.

आता जमिनीचे बोलू, कारण आमच्या मते बाईच्या म्हातारपणाचे पहिले औषध सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असते. महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ व मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी करून २०१८ साली जे मांडले, त्यात शंभरांतील ४० जणींच्या नावे त्या कसत असलेली जमीन अजून झाली नव्हती. वास्तविक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलामुलींच्या बरोबरीचा वाटा दिला आहे आणि तो तिच्या पूर्ण मालकीचा आहे. एकदा वाटा तिच्या हाती आला की पुढे तिने दुसरे लग्न केले तरी तो जात नाही. परंतु तेरवी होते न होते तोच 'आई, इथे अंगठा दे' म्हणून हक्कसोडीचा कागद पुढे येतो. जिचा अंगठा गेला तिचा शब्द गेला, आणि जिचा शब्द गेला तिला दवाखान्याच्या पन्नास रुपयांसाठी सुनेच्या तोंडाकडे पाहावे लागते. ज्या आईच्या नावे दोन एकर वावर आहे, तिच्या खोकल्याकडे पोरे लवकर लक्ष देतात. हे बोलावयास कडू आहे, पण कोणत्या गावात खोटे आहे? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा हजारो कास्तकारांनी हयातीतच बायकोच्या नावे जमीन करून दिली होती. ती हाक विसरण्याजोगी नव्हती.

पुरुषांची कथा निराळी आहे, पण सुखाची नाही. बायको गेलेल्या म्हाताऱ्याला कोणी अशुभ म्हणत नाही, त्याची जमीन कोणी काढून घेत नाही. तरीही जोडीदार गेल्यावर पुरुषच अधिक लवकर मोडतो, असे बहुतेक अभ्यासांत दिसून आले आहे. कारण उघड आहे. जन्मभर ज्याने चुलीकडे पाहिले नाही, त्याला साधी खिचडी टाकता येत नाही. घरातल्या माणसांशी त्याचे जे काही बोलणे होते ते बायकोच्या मार्फत होते. ती गेली आणि मुलगाही परका झाला. गोळ्या कोणत्या डब्यात आहेत हे तिलाच ठाऊक होते. मग तो ओट्यावर खर्रा चघळीत बसतो, आणि दारूबंदीच्या या जिल्ह्यात जी दारू चोरून मिळते ती शोधीत जातो. पुरुषाने घरकामाला हात लावू नये ही जी मर्दुमकी आपण मिरवितो, तिचे बिल असे म्हातारपणी येते. पोराला लहानपणीच भाकर भाजावयास आणि आपले दुःख तोंडाने बोलावयास शिकवा. ते त्याच्या म्हातारपणाची पुंजी होईल.

सत्यशोधक चळवळीला हा विषय नवा नाही. जोतीराव व सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यास फसलेल्या विधवांसाठी आश्रयाची जागा उघडली. आपल्या विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विधवेला दोष देणाऱ्या पुरुषांस खडसावले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरविले. एका कारागीर जातीने हातातले हत्यार खाली ठेवून रूढीचा हात धरला. शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या राज्यात पुनर्विवाहाचा कायदा केला. आणि खुद्द सावित्रीबाईंकडे पाहा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. अंत्ययात्रेत त्यांनी स्वतः टिटवे धरले. त्यानंतर त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. समाजाचे काम चालविले, १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद भूषविले, आणि १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना मरण आले. वैधव्यानंतरची सहा वर्षे कशी जगावी याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

तोच धागा पकडून कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावाने, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की, गावात यापुढे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार होणार नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. कोणी विचारील, बांगडीचा आणि रक्तदाबाचा संबंध काय? आमचे उत्तर असे की, बांगडी फुटताना काच एकटीच फुटत नाही. उद्यापासून तुला कोणी बोलावणार नाही, तुझ्या ताटाची कोणी चौकशी करणार नाही, ही दवंडी त्या आवाजाने गावभर पिटली जाते.

म्हातारपणी दुसरी सोबत करण्याचाही प्रश्न आहे. साठीच्या विधुराने लग्न केले तर लोक हसून सोडून देतात. साठीच्या विधवेने नाव काढले तर पोरे अंगावर धावून येतात. पोरांची भीती बहुधा अब्रूची नसून वाट्याची असते. वाटणीचे कागद आधी नीट करावेत, म्हणजे ती भीती राहत नाही. पुण्यास २०१२ पासून वृद्धांना एकमेकांची सोबत मिळवून देणारे मंडळ काम करू लागले. आपल्या पूर्वजांनी पाट लावताना जे शहाणपण दाखविले तेच हे आहे. ज्यांना सोबत हवी त्यांना ती घेऊ द्या. ज्यांना नको त्यांना भजनी मंडळ, बचत गट, नातवंडे यांत मानाने राहू द्या.

तर मग करावयाचे काय? ज्या घरी मयत झाले त्या घरी आळीतल्या लोकांनी तेरवीपुरते न जाता सहा महिने आठवड्यातून एकदा तरी जावे, मागे राहिलेल्या माणसाने काय खाल्ले, झोप लागते का, हे विचारावे. महिन्यातून एकदा पुलगावच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी; दुखणे मोठे वाटले तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची वाट आपल्या लोकांना ठाऊक आहेच. मन फारच खचले असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून विनामूल्य सल्ला घेता येतो. वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी व त्यात आईचे नाव पहिले घालावे. वर्षे उलटली असली तरी उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, आणि मयतांची नावे काढून वारसांची चढविण्यासाठी सरकारने २०२५ साली 'जिवंत सातबारा' ही मोहीमही काढली. हक्कसोडीच्या कागदावर वर्षभर कोणत्याही बाईने अंगठा देऊ नये. निराधार विधवेसाठी संजय गांधी योजना आणि ६५ वर्षांपुढील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली महिना १,५०० रुपये झाली. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी म्हातारीला एकटीने तहसिलीच्या पायऱ्या झिजवू देऊ नका. शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावे. नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईची चौकशी याच आस्थेने करावी, कारण तिला विधवेइतकीही सहानुभूती मिळत नाही. आणि हे सर्व घडण्याची वाट न पाहता, नवरा-बायको दोघे धडधाकट आहेत तोवरच वावर आणि घर दोघांच्या नावे करून ठेवावे.

बंधूंनो, यातल्या एकाही गोष्टीला पैसा फारसा लागत नाही आणि मुहूर्त तर मुळीच लागत नाही. पुलगावच्या वॉर्डांनी आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव करावा, आणि ठराव फळ्यावर लिहून न थांबता पुढच्या मयताच्या घरी तो पाळावा. पहिला दगड ज्या हातात दिसेल तो हात धरण्यासाठी त्या घरची एक सून, एक लेक किंवा एक जाऊ पुढे आली तरी पुरे आहे. मरण कोणाला चुकत नाही. परंतु मागे उरलेल्याचे जिणे हलके करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.